गार्ड किती वेळ बुडवायचं?

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल परवा पोचलं. खोका फोडायच्या आधीच आमच्या लेकीला, भोंग्याला, कळलं होतं आत काय आहे. सुट्टीत ती तुझ्याकडे आली, तेव्हा तू तिच्या तोंडात कॅमेऱ्याची दांडी फिरवून दातांचं माप घेतलंस, ते तिने इतक्या जणांना सांगितलंय की आता आमचा दूधवालासुद्धा थ्रीडी प्रिंटरबद्दल अधिकाराने बोलतो. गार्ड तिने लगेच दातांवर चढवलं आणि ते न काढता अर्धा तास बोलत राहिली. एक अक्षर समजलं नाही. त्यावर तिचं म्हणणं असं की दोष माझ्या कानांचा आहे.

बसलंय मात्र चपखल. दुकानातलं रबरी गार्ड सारखं घसरायचं, ते आता खणात टाकलं. तिचे बॉक्सिंगचे कोच म्हणाले की असं मापाचं गार्ड अख्ख्या क्लबात कोणाकडे नाही. एकवीस मार्चला, शनिवारी, निवडीची लढत आहे. जिंकली तर वर्षभर प्रशिक्षण केंद्रात राहायला जाईल. तिची आई आतापासून रडायची तयारी करते आहे आणि पोरगी बॅग भरायची.

आता कामाचं. गार्डासोबतच्या कागदावर लिहिलंय की प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक करावं. कशात आणि किती वेळ, ते नाही. मी दिवसभर सर्जन लोकांची औजारं धुतो, वाफेला लावतो, कापडात बांधून पाठवतो. पण ती सगळी पोलादाची. तुझ्या या प्लास्टिकची जात मला माहीत नाही. किती वेळ बुडवायचं ते कळव.

पार्सल मिळालं तेव्हा फोन करावासा वाटला होता. पण दोन वर्षांपूर्वी पत्रंच लिहायची असं ठरवलंय आपण, आणि ते बरंच आहे. फोनवर आपलं काय होतं ते एकदा पाहिलं तेवढं पुरे.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

भोंग्याला सांग की गार्ड घालून बोलता येतं, हे मी मुद्दाम लपवून ठेवलं होतं. आता तुमचं काही खरं नाही.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो बोलतो म्हणून सोबत वाटते. प्रयोगशाळेत नवं काम आलंय आणि ते नेमकं तुझ्याच प्रश्नाचं आहे. छापलेली गार्डं खेळाडू कशाकशात बुडवतात, आणि त्याने त्या पदार्थाचं काय होतं, हे कोणी नीट तपासलेलं नाही. म्हणून आम्ही गार्डाच्याच प्लास्टिकच्या, म्हणजे त्याच रेझिनच्या, दोनशे पट्ट्या छापल्या. काही साध्या पाण्यात, काही क्लोरीनच्या पाण्यात, काही स्पिरिटमध्ये, काही कवळीच्या गोळ्या घातलेल्या पाण्यात. माझ्या टेबलावर बरण्यांची रांग लागलीये, येणारा जाणारा लोणचं घातलंय का विचारतो. ठरलेल्या दिवशी पट्टी काढायची, वजन करायचं, कडकपणा मोजायचा, मग यंत्रात धरून मोडेपर्यंत वाकवायची. तुझ्या भोंग्याने मला विचारलं होतं की आत्या, तुला वस्तू मोडायचा पगार मिळतो का. मिळतो.

किती वेळ बुडवायचं, ते मी नाही सांगत. आमचे आकडे अजून यायचेत. शिवाय धुण्याचं काम तुझं, त्यात मी पुन्हा तोंड घालायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय. तुझ्या हिशेबाने तू योग्य तेच करशील.

तिच्या आईला माझी आठवण सांग. माया कमी करू नकोस.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

क्लबातल्या दोन मुलींच्या तोंडात फोड आले. एकीला ताप चढून दवाखान्यात ठेवलं. त्या सगळ्या जणी गार्डं एकाच बेसिनच्या कडेला ठेवतात, मी स्वतः जाऊन बघून आलो. त्या कडेवर मी माझी चप्पलसुद्धा ठेवली नसती.

तेव्हापासून आपल्या गार्डाचं मी स्वतः बघतो. एक झाकणाचा डबा केलाय. सरावाहून आली की गार्ड डब्यात, ते दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना बाहेर. मध्ये हात लावायचा नाही. भोंगा म्हणते की तिच्या तोंडाला आता ऑपरेशन थिएटरची चव येते. येऊ दे.

तू तोंड घालणार नाहीस म्हणालीस. ताई, आई गेली त्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की तिच्या ऑपरेशनच्या ज्या टाक्यांत पू झाला, ते टाके घालणारी औजारं माझ्याच खोलीतून गेली होती. मी ते विसरलेलो नाही. तुला दुखवायला लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसापासून कोणतीही वस्तू माझ्या हातून एकदा धुऊन पुढे जात नाही.

गार्ड थोडं दुधी दिसायला लागलंय आणि पूर्वीसारखं बोटांनी वळत नाही. चांगलं कडक झालंय. मजबूत झालं असणार, असं मी धरून चाललोय.

जशी आहेस तशी राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.
बारक्या

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. त्यातल्या एका गोष्टीवर मी आज काही लिहीत नाही, तुला कळेल कोणत्या.

सहज विचारते, त्या डब्यात तू नेमकं काय घालतोस? प्रमाण किती? इथे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना वेगवेगळ्या घरांतल्या पद्धती हव्या आहेत, त्यात तुझीही लिहून ठेवेन. भोंगा जेवते ना नीट? वजनगटासाठी उपाशी राहत असेल तर माझ्या वतीने एक धपाटा घाल.

पत्र लवकर टाक.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

घाईत कार्ड टाकतोय. औजारांसाठी असतं ते जंतुनाशक, लिहिलंय त्याच्या दुप्पट. त्यात तेवढंच स्पिरिट. रोज ताजं. तुझ्या मॅडमना सांग, इतकी स्वच्छ पद्धत त्यांना दुसऱ्या कोणत्याही घरात सापडणार नाही. भोंगा दोन्ही वेळा जेवते आणि जेवताना बोलते. लढतीला सोळा दिवस राहिले.

बारक्या

१७ मार्च, मंगळवार

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

इथे अचानक उकडायला लागलंय. शेजारच्या काकूंनी जिन्यातल्या कुंड्या हलवल्या, त्यावरून वरच्या मजल्याशी त्यांचं वाजलं आणि दोन्ही बाजूंनी मला साक्षीदार केलं. मी दोघींना हो म्हणून आले.

भोंग्याची तयारी कशी आहे? तिला म्हणावं, डावा हात खाली सोडू नकोस. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिच्या कोचनी तिला हेच सांगितलेलं मी ऐकलंय.

तू मुलीची ज्या काळजीने स्वच्छता ठेवतोस, तशी ठेवणारे बाप थोडे. हे मी मनापासून लिहितेय आणि पुढचं वाचताना ते ध्यानात ठेव.

तू कळवलंस तसंच मिश्रण करून मी त्यात चोवीस पट्ट्या ठेवल्या होत्या. त्या आज बाहेर काढल्या. साध्या पाण्यातल्या पट्ट्या वाकतात आणि परत येतात. दहा मिनिटं बुडवून पुसून ठेवलेल्याही तशाच. पण तुझ्या मिश्रणात आठ दिवस राहिलेल्या पट्ट्या पांढुरक्या झाल्यात आणि वाकतच नाहीत. यंत्राने जरा जोर लावला की बिस्किटासारख्या तुटतात. आमच्या पट्ट्यांत तरी असं दिसतंय की त्या रेझिनचा लवचीकपणा स्पिरिटमध्ये हळूहळू उतरतो. बाहेरून कडक लागतं, म्हणून माणूस फसतो. वरून लोखंडी गोळी सोडून पाहिली तर एका घावात तीन तुकडे झाले.

तेव्हा शनिवारी ते गार्ड तिला घालू देऊ नकोस. खणातलं रबरी वापर, घसरलं तरी चालेल. मी नवं छापायला लावलंय, सोमवारी पाठवते.

तातडीच्या टपालाने टाकतेय. शुक्रवारपर्यंत मिळेल असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

गैरसमज करून घेऊ नकोस, आणि जीव लाव तसाच.
ताई

२२ मार्च, रविवार

ती. ताईस,

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. माझंच हॉस्पिटल, पण इथल्या बाकावर मी यापूर्वी बसलो नव्हतो.

काल दुसऱ्या राउंडमध्ये भोंग्याला जबड्यावर ठोसा बसला. ठोसा मोठा नव्हता. कोच म्हणाले की असे ती सरावात रोज दहा खाते. पण गार्ड तोंडात फुटलं. पंचांनी लढत थांबवली आणि तिने हातात थुंकलं, तर गार्डाचे तुकडे होते आणि त्यात दात होते. वरचे तीन गेले. एक तुकडा टाळूत रुतला, तो इथे काढला. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचा आणि खालचा जबडा तारांनी एकत्र बांधलाय, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. नळीने पातळ प्यायचं. बोलायचं नाही. आपल्या भोंग्याने बोलायचं नाही, ताई.

पुन्हा रिंगमध्ये उतरता येणार का, ते तिने पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तिची आई खोलीच्या बाहेर निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो आणि पाटी पुसली.

डॉक्टर म्हणाले की जखम अगदी स्वच्छ आहे, चिघळायची भीती नाही. ते ऐकून मला बरं वाटलं आणि त्याची मला लाज वाटतेय.

ते गार्ड तुझ्या हातचं होतं. मी ते रोज धुतलंय, त्यावर एक जंतू सापडणार नाही, कोणीही तपासावं. मग ते फुटलं कसं? वस्तू कशा मोडतात हे बघणं तुझं काम आहे ना? तू आम्हाला काय पाठवलं होतंस?

बारक्या

२४ मार्च

ताई,

काल पत्र टाकलं आणि आज सकाळी तुझं आलं. वाटेत कुठेतरी अडकलं होतं म्हणे.

शेवटून वाचायला लागलो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुंड्यांचं आधी आहे. गार्डाचं दुसऱ्या पानावर आहे.

वर तारीख आहे सतरा, मंगळवार. शनिवारपर्यंत चार दिवस होते. आपला फोन नंबर आईच्या वेळी होता तोच आहे.

मला उत्तर लिहू नकोस.

बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास,

नको म्हणालास तरी लिहितेय. फाडून टाकलंस तरी चालेल.

त्या मंगळवारी पट्ट्या तुटल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी यंत्र बंद केलं आणि बाहेरच्या कठड्यावर फोन घेऊन बसले. तुझा नंबर तीनदा काढला. तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांपुढे तू फोन उचलतोस आणि मी म्हणते की बारक्या, तुझ्या धुण्याने नुकसान झालंय. मागच्या वेळी फोनवर मी तुला हेच म्हणाले होते. दुसऱ्यांदा म्हणायची मला भीती वाटली. पत्रात आधी चार गोड ओळी घालता येतात, म्हणून पत्र लिहिलं. ज्या फोनने तिचं तोंड वाचलं असतं, तो मी माझी लाज वाचवायला केला नाही.

त्याआधीचंही सांगते. तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात गार्ड दुधी आणि कडक झाल्याचं वाचलं, तेव्हाच मला शंका आली होती. तेव्हाच लिहायला हवं होतं की बुडवणं थांबव, मागाहून बघू. पण आईच्या वेळी मी पुराव्याशिवाय बोलले होते. या वेळी आधी पुरावा हवा, असं मी ठरवलं. म्हणून तुझ्याकडून प्रमाण काढून घेतलं, मॅडमचं नाव पुढे केलं आणि पट्ट्या बुडवून बसले. एकीकडे माझ्या बरणीत पट्ट्या मुरत होत्या आणि त्याच दिवसांत तुझ्या डब्यात ते गार्ड. मी रोज बरणीकडे बघत होते.

आणि आईचं. चौकशीचा कागद तू मला पाठवला होतास. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तुझ्या खोलीतल्या औजारांत काही दोष सापडला नाही. मी तो वाचला आणि तुला उत्तरात लिहिलं, कागद मिळाला. दोन शब्द. त्यापुढे जे लिहायला हवं होतं ते मी दोन वर्षं लिहिलं नाही. मी चुकले होते, बारक्या. तुझा दोष नव्हता. हे मी तेव्हाच म्हणाले असते तर तू कुठलीही वस्तू दुप्पट औषधात दिवसभर बुडवून ठेवली नसतीस.

मॅडमना सगळं सांगितलंय. अहवालात त्या चोवीस पट्ट्यांचे आकडे जातील. एका मुलीच्या तोंडात असं गार्ड फुटलं, हेही जाईल. ते घरच्यांसाठी छापून देणारी मीच, हेही मी त्यात लिहायला लावलंय. गार्डासोबतच्या कागदावर किती वेळ बुडवायचं ते छापलं जाईल. पुढच्यांना उपयोग होईल.

नवं गार्ड छापून तयार होतं. ते मी टाकून दिलं.

लोभ असावा असं लिहायचा मला आता हक्क नाही.
ताई

१२ एप्रिल, रविवार

ती. आत्यास,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

हा भोंगा सध्या बंद आहे, म्हणून लिहावं लागतंय. माझं अक्षर बघून तुला कळेल की मी आजवर हे काम का टाळत होते.

तुझी पत्रं बाबांनी फाडली नाहीत. ती त्यांच्या कपाटात आहेत, औजारं बांधतात तसल्या हिरव्या कापडात बांधलेली. मी सगळी वाचली. त्यांनी तुला काय लिहिलं असेल, तेही तुझ्या उत्तरांवरून कळलं. गार्डाचे तुकडे त्यांनी साध्या पाण्याच्या वाटीत ठेवलेत. रोज पाणी बदलतात. त्यांनी कामावर बदली मागितली आहे, धुण्याच्या खोलीतून बाहेर, कुठेही. आई म्हणते, त्यांच्याशी बोल. मी तिला तारा दाखवते.

आता मी तुला एक सांगते, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. लढतीच्या आधी, गुरुवारी, सरावात दातांखाली बारीकसा करकर आवाज झाला होता. घरी येऊन आरशात पाहिलं, तर गार्डावर केसाएवढी रेघ होती. मला कळलं की हे काही खरं नाही. मी सगळ्या जगाला सगळं सांगते, दूधवाल्यालासुद्धा. पण हे बाबांना सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी त्यांच्या धुण्याला नाव ठेवतेय, आणि आपल्या घरात त्यांच्या धुण्याबद्दल कोणी बोलत नाही. आजी गेल्यापासून नाही. मी ते गार्ड नेहमीसारखं त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी डब्यात टाकलं.

तेव्हा सगळा दोष तू एकटीने घेऊ नकोस, आणि त्यांनीही नाही. आपण तिघांनीही एकमेकांना जपलं आणि दात माझे गेले. यावर मला खूप हसायचं होतं, पण हसलं की तारा ओढतात.

केंद्रात दुसरी मुलगी गेली. माझी बॅग आईने उपसली, मला बघायला लागू नये म्हणून मी झोपलेली असताना. मला रडू येतं आणि नाक चोंदलं की श्वास घ्यायला तोंड उघडता येत नाही, म्हणून मी रडतसुद्धा नाही. पलंगाजवळ तारा कापायची कात्री टांगलीये, वेळ आली तर असावी म्हणून. बाबा ती रोज पुसतात.

मला अजून तीन आठवडे बोलता येणार नाही. तुम्हा दोघांना येतं. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तुझा नंबर लावणार आहे आणि फोन बाबांच्या हातात देणार आहे. ते ठेवून देतील असं वाटलं तर मी त्यांचा हात धरून बसेन, माझे हात अजून धड आहेत. आधी फोन माझ्या कानाशी असेल. तू उचललंस की पलीकडून हॅलो येणार नाही, नुसता नाकातून श्वास ऐकू येईल. ती मी आहे. ठेवू नकोस.

पत्र नको. बाकी माया असू दे.
तुझी,
भोंगा